दात्याच्या झडपेची अठरा वर्षे

नोव्हेंबर २००३ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, माझ्या हृदयातील महाधमनीची झडप काढून तिच्या जागी एका मृत दात्याची झडप बसवण्यात आली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती निकामी झाल्यामुळे मला दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. या दोन तारखांच्या मध्ये ती झडप माझ्या शरीरात कशी वागली, केव्हा थकू लागली आणि ते आम्हांला कसे कळले, हे सगळे मी येथे लिहीत आहे. पहिल्या वेळी आमच्या घरातल्या प्रत्येकाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "ही किती वर्षे टिकेल?", आणि त्याचे खरे उत्तर एका आकड्यात मावत नाही हे समजायला मला बराच काळ लागला.

जन्मतः माझ्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. शंभरात एकदोघांना असे असते आणि त्यांतील बहुतेकांना पन्नाशीपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. मला तो लागला होता, कारण पाचवीत असताना शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांना हृदयात वेगळा आवाज ऐकू आला आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नेऊन दाखवले. तेथे एक गोष्ट बजावून सांगितली होती, की दाताचे कोणतेही काम करण्याआधी प्रतिजैविक घ्यायचे. २००३ च्या सप्टेंबरमध्ये दाढ काढताना मी ते सांगायला विसरले. पंधरा दिवसांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी तो टायफॉइड मानला आणि पाच आठवडे एकामागून एक प्रतिजैविके बदलत राहिले. हृदयाच्या आवाजाविषयी आईने दोनदा सांगूनही रक्त संवर्धनासाठी, म्हणजे कल्चरसाठी, पाठवले गेले नाही. पुढे जेव्हा कल्चर झाले तेव्हा इतकी औषधे पोटात गेलेली होती की त्यात कोणताच जंतू वाढला नाही. ज्याच्या झडपेत दोष आहे आणि ज्याचा ताप आठवडाभरात उतरत नाही, त्याचे रक्त औषध सुरू करण्यापूर्वी कल्चरला गेलेच पाहिजे, एवढे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे.

शेवटी होटगी रस्त्यावरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी पाहिला आणि त्यातील पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोहोचायला लागणारा वेळ, रोजच्या रोज वाढत आहे हे त्यांच्या लक्षात आले. झडपेचा संसर्ग महाधमनीच्या मुळापर्यंत पोहोचून तेथे गळू झाले की ते शेजारून जाणाऱ्या विद्युतवाहक तंतूंवर दाब देते, आणि म्हणून ईसीजी बदलतो, असे त्यांनी अप्पांना कागदावर चित्र काढून समजावले. अन्ननलिकेतून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर गळू स्पष्ट दिसले. पुण्याला नेले, तेथून चेन्नईला, कारण अशा संसर्गात दात्याची झडप वापरणे सर्वांत बरे असे पुण्याच्या शल्यविशारदांचे मत होते आणि त्या आठवड्यात ती चेन्नईत उपलब्ध होती.

दात्याच्या झडपेला डॉक्टर होमोग्राफ्ट म्हणतात. ती नुसती झडप नसते. तिच्याबरोबर महाधमनीचा इंच-दीड इंच लांबीचा तुकडा आणि खालच्या बाजूला शेजारच्या मायट्रल झडपेच्या पाकळीचा मऊ पदरही काढून ठेवलेला असतो. गळू साफ केल्यावर मुळाशी जो खड्डा उरतो तो या पदराने झाकता येतो, आणि धातू किंवा कापडाची कडी नसल्यामुळे जंतूंना पुन्हा घर करायला जागा कमी मिळते. दुसरे कारण माझ्या वयाचे होते. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत ती गोळी गर्भाला घातक ठरू शकते. दात्याच्या झडपेला ती लागत नाही. शल्यविशारदांनी हे दोन्ही सांगितले आणि त्याच बैठकीत तिसरी गोष्टही सांगितली, की ही झडप कायमची नाही आणि तरुण शरीरात ती लवकर झिजते. आईने त्यातले फक्त पहिले दोन मुद्दे ऐकले. अप्पांनी तिसरा ऐकला आणि वहीत लिहून घेतला.

अप्पा पशुसंवर्धन खात्यात होते. मोहोळ आणि मंगळवेढा भागात त्यांचे बरेच आयुष्य म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कामात गेले, त्यामुळे चेन्नईच्या समन्वयक बाईंनी जेव्हा झडपपेढीचे काम समजावायला सुरुवात केली, तेव्हा त्या सगळ्या खोलीत ते एकट्यालाच लगेच कळले. ज्या दात्याचे हृदय जसेच्या तसे प्रत्यारोपणासाठी वापरता येत नाही, त्याच्या हृदयातून झडपा अलग करतात, प्रतिजैविकांच्या द्रावणात ठेवून त्या निर्जंतुक करतात, मग पेशींत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून एका संरक्षक रसायनात बुडवून मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने त्यांचे तापमान उतरवत नेतात, आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत, बहुधा त्याच्या वाफेत, साठवतात. "हे तर आपल्या रेतमात्रांच्या डब्यासारखंच आहे की," असे अप्पा म्हणाले, आणि तेथे ग्लिसरॉल वापरता की आणखी काही, असे त्यांनी त्या बाईंना विचारले. त्या भीतीच्या दिवसांत त्यांचा आवाज तेव्हाच पहिल्यांदा नेहमीसारखा झालेला मला ऐकू आला.

दात्याविषयी आम्हांला वय आणि लिंग एवढेच सांगण्यात आले: पुरुष, ३१ वर्षे. रक्तगट जुळवण्याची सहसा गरज नसते, असेही कळले. शस्त्रक्रिया सात तास चालली, पुढचे सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके चालली, आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा मी चेन्नई मेलने सोलापूरला परतले.

पहिल्या इकोच्या अहवालात झडपेपलीकडील दाबातला सरासरी फरक ५ मिमी पारा होता, गळती नावापुरती होती. हे आकडे निरोगी माणसाच्या झडपेच्या अगदी जवळचे आहेत, आणि दात्याच्या झडपेचे हे मोठेच बळ आहे: तिच्या मुखाशी कडी नसल्याने रक्ताला पूर्ण वाट मिळते. मला धाप लागत नव्हती, छातीत टिकटिक नव्हती, गोळी नव्हती. वर्षभरात मी शाळेत नोकरीला लागले, २००५ मध्ये लग्न झाले. लग्नाआधी सासरच्या मंडळींना सर्व कागद दाखवले होते आणि झडप बदलण्याची वेळ पुन्हा येऊ शकते हेही सांगितले होते.

मुलीच्या वेळी, २००७ मध्ये, दर तीन महिन्यांनी इको झाली. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि तो सगळा भार झडपेवरून जातो, पण माझी झडप त्या नऊ महिन्यांत जराही डगमगली नाही. गळती नावापुरतीची सौम्य झाली, इतकेच. प्रसूती सोलापुरातच झाली. पुढे झडपेने काहीही त्रास दिला असला तरी, रक्त पातळ करणाऱ्या औषधाशिवाय हे मूल मला मिळाले ते तिच्यामुळे, ही गोष्ट मी कधी बाजूला ठेवू शकत नाही.

झडपेच्या टिकाऊपणाविषयी मी वाचायला सुरुवात केली ती मुलगी दोन वर्षांची झाल्यावर. लंडनमध्ये डोनाल्ड रॉस आणि ऑकलंडमध्ये ब्रायन बॅरेट-बॉइज या दोन शल्यविशारदांनी १९६२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने, एकमेकांच्या कामावर अवलंबून न राहता, दात्याची झडप तिच्या नेमक्या जागी बसवली होती. आरंभीच्या वर्षांत झडपा रसायनांनी किंवा किरणांनी निर्जंतुक करत, गोठवून सुकवतही असत, आणि अशा कडक प्रक्रियेतून गेलेल्या झडपा लवकर फाटत. मग सौम्य प्रतिजैविके आली, आणि १९७५ पासून ब्रिस्बेनमध्ये मार्क ओब्रायन यांनी द्रव नायट्रोजनमध्ये जपलेल्या झडपा वापरल्या. तेव्हा मोठी आशा होती की अशा झडपेतील पेशी जिवंत राहतील आणि ती स्वतःची डागडुजी करत आयुष्यभर टिकेल. ही आशा खरी ठरली नाही. बसवल्यानंतर दात्याच्या बहुतेक पेशी काळाच्या ओघात नाहीशा होतात आणि उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. रोज सुमारे एक लाख वेळा तो उघडतो आणि मिटतो, पण त्यात झालेली झीज भरून काढायला कोणी नसते.

ब्रिस्बेनच्या त्याच चमूने २००१ मध्ये २९ वर्षांतील १,०२२ शस्त्रक्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि त्यातील एक ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली आहे. गोठवून जपलेली झडप झिजली म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही, असे रुग्ण १५ वर्षांनी किती होते, तर शस्त्रक्रियेच्या वेळी विशीच्या आतले ४७ टक्के, २१ ते ४० वयाचे ८५ टक्के, ४१ ते ६० चे ८१ टक्के आणि साठीपुढचे ९४ टक्के. म्हणजे झडप तीच, पेढी तीच, आणि टिकण्यातला सर्वांत मोठा फरक घेणाऱ्याच्या वयाने पडतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या शरीरात कॅल्शियमची उलाढाल जोरात असते आणि परक्या ऊतीला होणारा विरोधही तीव्र असतो, अशी त्याची कारणे सांगतात. माझ्यासारख्या चोवीस वर्षांच्या मुलीला त्या दुसऱ्या गटाचा ८५ हा आकडा दिलासा देणारा होता, पण तो पंधराव्या वर्षाचा आकडा आहे आणि त्यानंतरची रेषा खाली जाणारच, हेही मला दिसत होते.

अप्पांच्या सवयीमुळे मी एक जाड वही घातली होती. तिच्यात प्रत्येक इकोची तारीख, दाबातला फरक, गळतीची श्रेणी, डाव्या जवनिकेचा, म्हणजे शरीराला रक्त पाठवणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा, प्रसरणाच्या आणि आकुंचनाच्या वेळचा व्यास, आणि हृदयाची रक्त फेकण्याची टक्केवारी, असे रकाने आखले होते. झडप थकते ती एका दिवसात थकत नाही, आणि एकटा अहवाल त्याविषयी फारच थोडे सांगतो. सांगतो तो आकड्यांचा उतार. २०१० मध्ये एका ठिकाणी मला दोन ओळींचा अहवाल मिळाला, "कृत्रिम झडप व्यवस्थित", आणि त्यात एकही माप नव्हते. शिवाय माझी झडप कृत्रिम नव्हती. त्या वर्षीचा रकाना रिकामाच राहिला. त्यानंतर मी शक्यतो त्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे, त्याच यंत्रावर तपासणी करून घेऊ लागले, कारण दोन हातांच्या मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि माझा सगळा निर्णय पुढे तेवढ्याच मिलिमीटरांवर ठरणार होता.

२०१२ च्या अहवालात पहिल्यांदा लिहिले होते की महाधमनीची भिंत पांढरी, चमकदार दिसते. होमोग्राफ्टमध्ये पाकळ्यांच्या आधी बहुधा भिंतीत कॅल्शियम साचते. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या नळीत क्षाराचा थर धरतो तो जुळे सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे, आणि डॉक्टरांनी मला तो शब्द सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तीच नळी आली. फरक इतकाच, की हा थर पाण्याने येत नाही, तो मृत ऊतीत आतूनच धरत जातो, त्यामुळे दुधातुपाचे पथ्य पाळून तो थांबत नाही. मी वर्षभर दूध सोडले होते. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावले.

२०१६ मध्ये गळती मध्यम झाली. त्याच वर्षी अप्पा गेले. त्यांची इच्छा होती म्हणून नेत्रदान झाले. झडपाही द्याव्यात असे त्यांनी एका कागदावर लिहून ठेवले होते, पण त्यांचे वय ७४ होते आणि झडपांसाठी इतक्या वयाचा दाता घेत नाहीत. तो कागद माझ्या वहीत आहे. नायट्रोजनचा डबा आयुष्यभर हाताळलेल्या माणसाला स्वतःचे ऊतक त्या डब्यात ठेवावेसे वाटले होते, हे मी मुलीला सांगितले आहे.

२०१८ मध्ये आकुंचनाच्या वेळचा व्यास ३८ मिमी होता, २०१९ मध्ये ४१. मला काहीच त्रास नव्हता, आणि गळतीच्या आजाराचा हाच धोका आहे: डावी जवनिका परत येणारे रक्त सामावून घेण्यासाठी हळूहळू मोठी होत जाते, माणूस मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जिने चढून जात असतो. व्यास ५० च्या पुढे गेला किंवा रक्त फेकण्याची टक्केवारी घसरू लागली, की लक्षणे नसली तरी शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे आधीच ठरले होते. २०२० मध्ये करोनामुळे मी तपासणीला गेले नाही. रुग्णालये भरलेली होती आणि मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी दोनदा फोनवर आठवण करून दिली, तरी मी पुढच्या महिन्यावर ढकलत राहिले. ही चूक पूर्णपणे माझी होती. जुलै २०२१ मध्ये गेले तेव्हा गळती तीव्र, व्यास ५१ आणि टक्केवारी ५० झाली होती. एका पाकळीची कड आत उलटत होती. मग मी मागे वळून पाहिले, तेव्हा लक्षात आले की गेले सहा महिने मी दुसऱ्या मजल्यावर थांबून खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि ते थांबणे दमल्यामुळे होते.

पुन्हा चेन्नई. पहिल्या शल्यविशारदांनी काम थांबवले होते, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून तीन पर्याय मांडले. पायातील धमनीतून जुन्या झडपेच्या आतच नवी झडप बसवणे शक्य होते, पण ४२व्या वर्षी ती ऊतकाची झडप काही वर्षांत पुन्हा बदलावी लागली असती. जुने सगळे मूळ कापून काढून नवे बसवणे हा दुसरा मार्ग, आणि त्यात दगडासारख्या झालेल्या भिंतीतून हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या सोडवून पुन्हा जोडाव्या लागणार होत्या. होमोग्राफ्टनंतरची दुसरी शस्त्रक्रिया अवघड मानतात ती याच कारणाने, आणि पहिल्या वेळी हे मला कोणी पुरेसे स्पष्ट सांगितले नव्हते. कदाचित त्या रात्री सांगून उपयोगही नव्हता. तिसरा मार्ग त्यांनी स्वतः सुचवला: भिंत आहे तशी ठेवायची, फक्त पाकळ्या काढायच्या, मुखाशी साचलेले कॅल्शियम काळजीपूर्वक काढून तेथे धातूची झडप शिवायची. आता मूल व्हायचे नव्हते, त्यामुळे वॉरफरिनला हरकत नव्हती. यजमानांशी आणि सोलापूरच्या डॉक्टरांशी बोलून मी तिसरा मार्ग घेतला.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी त्यांना विचारले की आत काय दिसले. त्यांनी वेळ काढून सांगितले. तीनपैकी दोन पाकळ्या कागदासारख्या पातळ झाल्या होत्या, एकीला भिंतीशी जोडाच्या ठिकाणी चीर गेली होती. भिंतीवर सुई टेकवली तर आवाज येत होता. पण २००३ मध्ये जेथे गळू होते ती जागा पूर्ण भरून आली होती, आणि तो खड्डा झाकणारा पदर आजूबाजूच्या मांसाशी इतका एकजीव झाला होता की शिवण कोठे होती ते शोधावे लागले.

आता रक्त पातळ ठेवणारी गोळी संध्याकाळी सातला असते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठते याचे माप, २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा असतो. सुरुवातीला दर आठवड्याला नवी पेठेतील प्रयोगशाळेत जात होते, आता महिन्याला जाते. मेथी आणि पालक सोडलेले नाहीत, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात मुळीच नाही असे करत नाही, कारण पालेभाजीतील के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. रात्री शांतता असली की झडपेची टिकटिक ऐकू येते. आकुंचनाच्या वेळचा व्यास ५१ वरून ३९ वर आला आहे.

इको करणारे नवे डॉक्टर असले, की पडद्यावर धातूच्या झडपेच्या बाहेरून वर जाणारी ती जाड पांढरी रेषा पाहून थबकतात आणि विचारतात, हे काय आहे. मी वही उघडून २००३ चे पान त्यांच्यापुढे ठेवते.